लेकीच्या घरचे पाणी

माझ्या वडिलांनी ऊस मोडून ज्वारी का पेरली, याची गावात आजवर सांगितली गेलेली सगळी कारणे मी ऐकली आहेत आणि त्यांतले एकही खरे नाही. कोणी म्हणते, पाटबंधाऱ्याच्या साहेबाने दम भरला म्हणून तात्या घाबरले. कोणी म्हणते, उतारवयात त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. हे दोन्ही मी एक वेळ सोडून देतो. दुसऱ्याच्या घराविषयी बोलायला बसलेल्या माणसाला काहीतरी बोलावेच लागते. परंतु गेल्या वर्षी तात्यांच्या पुण्यतिथीला माझ्या चुलतभावाने, सुरेशने, मांडव घालून आणि कर्णे लावून जे भाषण केले, ते मी सोडून देणार नाही. त्याने तात्यांना पाणी बचतीचे आद्य प्रवर्तक ठरवले. त्यांच्या त्यागामुळे खालच्या गावांची शेते भिजली, असे सांगितले. माझ्या आईने गळ्यातली पुतळ्यांची माळ हसतमुखाने उतरवून दिली, असेही सांगितले, आणि समोर बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी तिथेच उठून उभा राहिलो होतो. माझ्या मुलाने हात धरून मला खाली बसवले. मांडवात जे बोलू दिले गेले नाही ते आता लिहितो. लिहिताना हात धरणारे कोणी नाही.

आमचे घर कन्हेरीच्या शिवारात, कालव्याच्या फाट्याला लागून. आजोबांच्या काळापर्यंत आमच्याकडे मेंढरे होती आणि दिवाळी झाली की ती माणसे कळप घेऊन घाट उतरत. माझ्या कळत्या वयात त्यातले घरात उरले होते ते ताकावरचे प्रेम आणि तात्यांची उघड्यावर झोपण्याची सवय. बाकी सारे उसाने आणले होते. तात्या आणि त्यांचे धाकटे भाऊ नाना, दोघांची एकच चूल, एकच बैलजोडी आणि एकच तिजोरी. पत्र्याच्या जागी स्लॅब आला, ओसरीत रंगीत टीव्ही आला, अंगणात लाल मोटारसायकल उभी राहिली. चहा इतका गोड असे की पाहुणे पहिल्या घोटाला डोळे मिटत. सकाळी आईच्या आणि काकीच्या भाकऱ्या एकाच वेळी थापल्या जात. दोघींचा ठेका जुळला की समजावे घरात सलोखा आहे, आणि एकीचा हात दुसरीच्या पुढे धावू लागला की समजावे आज कोणी जेवताना बोलू नये.

या सगळ्याखाली एक आवाज सतत असे. कालव्याच्या भरावावरून आमच्या रानात उतरलेल्या नळीची घळघळ. जाड नळी पाण्याने भरायची, दोन्ही तोंडे दाबून धरायची, एक टोक कालव्यात सोडायचे, दुसरे आपल्या पाटात. एकदा बसली की पाणी आपोआप वाहत राहते. सायफन म्हणतात त्याला. प्रत्येक शेतकऱ्याची पाण्याची पाळी ठरलेली होती, पाटकरी येऊन दार उघडून देत असे आणि ते आमच्या हक्काचे होते. सायफनचे पाणी त्या पाळीबाहेरचे. आमच्या बाजूला ज्याचे रान कालव्याला लागून, त्याची नळी होतीच, आणि तिच्यावर काटेरी फांदी टाकलेली असे, तीही केवळ रीत म्हणून. याला चोरी कोणी म्हणत नसे. "पाणी लावलंय" एवढेच म्हणत. तात्याही तसेच म्हणत. सुरेशच्या भाषणातल्याप्रमाणे ते जन्मापासून संत नव्हते. नळी बसवण्यात त्यांच्याइतका हातखंडा कोणाचा नव्हता आणि त्यांना त्याचा अभिमान होता. हे मी त्यांना कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. सोडणाऱ्याच्या हातात आधी काय होते ते लपवले, तर त्याने सोडले काय, हेच कोणाला कळणार नाही.

माझी थोरली बहीण शालन, जिला मी आक्का म्हणतो, बावड्याजवळच्या एका वस्तीवर दिली होती. जमीन भरपूर, माणसे सरळ, आमचाच कालवा पुढे त्यांच्या रानाच्या कडेने गेलेला. सोयरीक पाहायला गेलो तेव्हा कालवा कोरडा होता, पण उन्हाळा होता आणि मधल्या काळात कालवे बंद असतात, हे आम्हाला ठाऊकच होते. त्यात कोणाला शंका यावी असे काही नव्हते. पुढे तात्या वरचेवर तिच्याकडे जात, आणि तरी त्यांना काही कळले नाही. याचे कारण आजच्या मुलांना सांगितले तर ती हसतात. आमच्यात रीत अशी होती, की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. तात्या रीतीचे पक्के. घरून फिरकीचा तांब्या भरून न्यायचे, व्याह्यांच्या ओसरीवर बसायचे, आपल्याच तांब्यातले पाणी प्यायचे, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि दिवस असतानाच परतायचे. तिच्या घरात सगळे पाहिले त्यांनी. गोठा पाहिला, धान्याची कणगी पाहिली. पाण्याच्या रांजणाकडे तेवढी नजर गेली नाही. जे प्यायचेच नाही तिकडे माणूस पाहत नाही.

मग आक्काला मुलगा झाला. बाळंतपण आमच्याकडे झाले, आणि बाळ अंग धरू लागल्यावर तिला पोहोचवायला तात्या आणि मी निघालो. बारामतीहून इंदापूर, इंदापूरहून बावड्याची गाडी, टपावर बांधलेला पाळणा. इंदापूरच्या स्टँडवर गाडीची वाट पाहताना तात्यांनी नातवासाठी खुळखुळा घेतला आणि गाडीत बसल्यावर इतका वाजवला, की पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळून म्हणाली, "आवं, ल्योक झोपलाय की, तुमीच खेळताय!" तात्या मनापासून हसले. त्यांचे तसे हसणे मला आठवते ते त्या गाडीतले.

वस्तीवर आक्काची सासू दारातच उभी होती. भाकरतुकडा ओवाळून तिने बाळ आत घेतले आणि तात्यांकडे वळून म्हणाली, "या इवाई. आता तुमी मोकळं झाला. आज आमच्या घरचं पानी पिल्याबिगर सुटका न्हाय."

"त्येच्यासाठीच आलोय इहीणबाई," तात्या म्हणाले. "लगीन झाल्यापासनं तहान राखून ठिवलीया."

आक्काने पाणी आणले. घासून लखलखीत केलेला तांब्या, त्यावर फुलपात्र. तात्यांनी तांब्या उंच धरून धार तोंडात सोडली आणि पहिल्याच घोटाला त्यांचा कंठ थांबला. मी पाहत होतो. मग त्यांनी सावकाश, एकेक घोट करून, सगळा तांब्या संपवला. माझ्या फुलपात्रातले मी प्यायलो. मचूळ, खारट, जिभेवर बसून राहणारे पाणी. "आणिक देऊ?" आक्काने विचारले. ते विचारायची पद्धत म्हणून विचारले होते. तात्या "दे" म्हणाले. आक्का आत गेली आणि रांजणाच्या तळाला वाटी खरवडल्याचा आवाज ओसरीपर्यंत आला. सासू एकदम मोठ्याने बाळाचे कौतुक करू लागली.

आक्का घागर घेऊन मागच्या दाराने निघाली तेव्हा तात्या उठले. "बसा की," सासू म्हणाली. "पाय मोकळं करतो," म्हणून ते तिच्या मागे चालू लागले आणि त्यांच्या मागे मी. वाटेत कालवा लागला. पावसाळा नुकताच सरलेला, आमच्याकडे फाटा काठोकाठ चालू होता. इथे कालव्याच्या तळाशी पोरे गोट्या खेळत होती आणि एक शेळी भेगांतून उगवलेले गवत ओरबाडत होती. विहीर त्याच्या पलीकडे बरीच लांब. तळाशी एक बाई वाटीने पाणी भरून देत होती, वर बाकीच्या घागरी घेऊन वाट पाहत बसल्या होत्या. आक्काही जाऊन बसली. पाळणा आत्ताच घरात टेकला होता.

"ह्ये कधीपासनं गं?" तात्यांनी विचारले.

"मी आले तवापासनं."

"आन् कालव्याचं?"

"शेवटाला काय येतंय तात्या? सुटलं, सुटलं म्हणून ऐकू येतंय. पानी येत न्हाय."

"मग मी एवढ्या खेपा केल्या. बोलली का न्हाईस?"

आक्काने पदर सारखा केला. "तुमी हितलं पानी पीतच न्हवता. काय म्हणून सांगायचं?"

शेजारच्या एका बाईने विचारले, "शालनचं वडील व्हय? गाव कुठलं तुमचं?" तात्यांनी सांगितले. "आगंबया, वरलं!" ती म्हणाली. "तिकडं पानी लई म्हनत्यात. आमच्या वाटचं बी तुमीच पिताय की वो. म्हनून अंगानं बरं दिसताय!" सगळ्या बायका हसल्या. थट्टाच होती, त्यात विखार नव्हता. तात्यांनी मात्र खरे आहे असे सांगावे तशी मान हलवली, आणि बायकांचे हसू ओसरले.

परत येताना ते गाडीत एकदाच बोलले. "भानू, आपली नळी बंद कधी असती रं?" मी म्हणालो, कालव्यात पाणी असेपर्यंत कधीच नसते. त्यानंतर बारामती येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात काहीतरी चुकल्यासारखे वाटले आणि काय ते मला चटकन कळेना. घळघळ थांबली होती. तात्या चिखलाने माखलेली नळी ओढत अंगणात आले आणि त्यांनी ती गोठ्याच्या भिंतीला उभी केली. नाना दात घासत होते.

"दादा, फुटली काय?"

"न्हाय. काढली."

"का?"

"आपली पाळी आली की दार उघडंल. तेवढं आपलं."

"पाळीवर ऊस जगतोय व्हय?"

"न्हाय जगत."

"मग?"

"मग ऊस न्हाय लावायचा."

नानांनी चूळ भरली. त्यांना वाटले, थट्टा आहे. मग त्यांनी तात्यांचा चेहरा पाहिला. "दादा, आपुन काढली तर खालचा लावंल. त्यानं न्हाय लावली तर त्याच्या खालचा. पानी काय शालनच्या दारात जाऊन हुबं ऱ्हानार हाय?"

"न्हाय ऱ्हानार."

"मग कशापायी?"

तात्यांनी नळीवरचा चिखल अंगठ्याने खरवडला. शेवटी म्हणाले, "कालपासनं घशाखाली उतरत न्हाय बाबा."

एवढेच कारण होते. साहेबाची धमकी नव्हती, वेड नव्हते आणि खालच्या गावांना पाणी पाजण्याचा संकल्पही नव्हता. माणसाला जे गिळवेना ते त्याने ताटातून बाजूला केले. सुरेशला हे कारण भाषणात घालण्याइतके मोठे वाटत नाही. मला ते पुरेसे वाटते.

ऊस तुटून गेल्यावर तात्यांनी उरलेल्या बुडख्यांचा खोडवा ठेवला नाही. अर्ध्या रानात ज्वारी, अर्ध्यात हरभरा आणि कडेने करडई. चार मेंढ्याही आणल्या. मग त्यांना एक नाद लागला. घरातल्या एकेका वस्तूकडे ते पाहत आणि विचार करत, ही आपल्या पाळीच्या पाण्यावर आली की त्या पाण्यावर. पंखा लावणे सोडले आणि अंगणात घोंगडी टाकली. मोटारसायकलवर बसणे सोडले. स्वतःच्या चहातली साखर सोडली. आमच्या चहात मात्र कधी हात घातला नाही. आईला हे असह्य होई. ती तवा चुलीवर आपटून विचारी, "ह्यो कुठल्या पान्याचा? सांगा, म्हंजे चढवायचा का फेकायचा ते कळंल." एकदा तात्यांची नजर तिच्या गळ्यातल्या माळेवर गेली. ते काही बोलले नव्हते, नुसती नजर गेली होती. आई भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन उठली. "तिकडं बघू नगा. ह्या उसात मी दारं धरलीती, पोटुशी असताना पाचट वेचलंय. ही काढायची न्हाय. तुमी देव व्हा, मला मानूस ऱ्हाऊ द्या." तात्या म्हणाले, "तुझं बरोबर हाय." ती माळ आईच्या गळ्यात मरेपर्यंत होती. हसतमुखाने उतरवली ती कोणत्या घरात, हे सुरेशने मला दाखवावे.

मला स्वतःला ते आवडले होते, असे मी आज म्हणणार नाही. मी तेव्हा बारामतीत एका बियाण्यांच्या दुकानात कामाला होतो. मोटारसायकलने जाणारा मुलगा सायकलने जाऊ लागला. ठरत आलेले माझे लग्न मोडले. मुलीचा मामा घर पाहायला आला, अंगणातल्या मेंढ्यांकडे पाहून म्हणाला, "पाव्हनं, ऊस कुटंशी हाय तुमचा?" आणि तात्यांनी त्याला हरभरा दाखवला. न्हाव्याच्या दुकानात आम्ही शिरलो की कोणीतरी उठून म्हणे, "सरका रं, म्हाराजांना जागा द्या." तात्या बसत, दाढी करून घेत आणि निघताना त्यालाच विचारत, "तुज्या गुडघ्याचं काय झालं?" मी त्यांच्याशी भांडलो, पुन्हा त्या वयाचा झालो तर पुन्हा भांडेन. पण जे पाहिले तेही सांगितले पाहिजे. त्यांची झोप सुधारली होती. जेवताना ते पूर्वी कधी बोलत नसत, आता भाकरीचा वास घेऊन कोणत्या तुकड्यातली ज्वारी ते सांगत. हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती आम्ही तिघे बसलो, की आईसुद्धा पंखा आणि टीव्ही विसरून त्यांच्या तळहातावर कणसे चोळून घाली. कोणी आले की मात्र लगेच तोंड वाकडे करी.

नानांना मी दोष देत नाही. त्यांचा सुरेश माझा भाऊ आहे म्हणून नव्हे. नाना खरेच वाईट नव्हते. त्यांना तीन मुले होती आणि मुलांना शिकवायचे होते. त्यांनी वाटणी मागितली आणि चूल वेगळी झाली त्या दिवशी तेच गोठ्यात जाऊन रडले. टीव्ही, मोटारसायकल, कालव्याला लागून असलेला निम्मा तुकडा त्यांच्याकडे गेला. भिंतीपलीकडून काकीच्या भाकऱ्यांचा आवाज येई. आईचा हात मध्येच थांबे, तिचा ठेका ऐके आणि पुन्हा चालू लागे. दोन्ही भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर कधीतरी मिटले असते.

पुढच्या उन्हाळ्यात कालवा सुटला तेव्हा तात्या आणि मी भरावावरून चाललो होतो. आमची नळी जिथे असे, त्याच्या थोडे पुढे, नानांच्या तुकड्यात, दोन नळ्या उतरल्या होत्या. नव्या, काळ्याभोर. मी धावत जाऊन एकीला हात घातला.

"सोड," तात्या म्हणाले.

"तात्या, तुमी एक काढली, त्येनी दोन लावल्या. आक्काच्या पदरात काय पडलं?"

"काय न्हाय."

"मग आपुन ह्ये भोगायचं कशासाठी?"

ते भरावावर बसले. "भोगतोय कोन? तू भोगत आसशील. मी नीट जेवतोय." जरा वेळाने म्हणाले, "माझ्या हातातलं मी सोडलं. दुसऱ्याच्या हातातलं काढाया लागलो, तर मी पाटकरी झालो की रं." हे ते हसून म्हणायला गेले, पण हसू आले नाही. त्यांचा हात गवतावरून फिरत होता आणि डोळे खालच्या अंगाला, कालवा वळून दिसेनासा होतो तिकडे लागले होते. आपल्याला पाणी पोहोचवायचे नव्हते, असे ते म्हणत, आणि ते खरेच होते. तरी एखाद्या वर्षी थोडेसे का होईना तिकडे पोहोचेल, ही आशा त्यांनी कोणाला न सांगता बाळगली होती. ती मला तिथे दिसली आणि त्यांनी ती माझ्यादेखत सोडली. ऊस मोडताना मला वाईट वाटले नव्हते इतके तेव्हा वाटले.

सुरेशच्या मांडवात त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली होती. भाषण संपल्यावर खुर्च्यांखाली त्या पडल्या होत्या, निम्म्याशिम्म्या भरलेल्या. खालच्या गावांची शेते भिजली, असे तो ज्या लोकांना सांगत होता त्यांतले कोणी त्या शेतांकडे कधी गेले नव्हते. मी गेलो होतो. नानांच्या नळ्या दिसल्या त्या वर्षी आक्काच्या घरची गाय विकली गेली. पुढच्या वर्षी रानात काही पेरलेच नाही. मग तिच्या नवऱ्याला भोसरीला एका कारखान्यात काम मिळाले आणि घराला कुलूप लावून ती माणसे निघाली. नवरा पुढे गेला आणि मुलाला घेऊन ती वाटेत आमच्याकडे भेटायला आली.

आईने हुलग्याचे माडगे केले होते आणि गरम भाकरी. मुलगा मेंढीच्या मागे अंगणभर पळत होता. तात्यांनी पहिला घास मोडला, आणि ताटाकडेच पाहत विचारले, "शालन, पानी आलं का गं यंदा?"

आईचा हात थांबला. मी आक्काकडे पाहिले.

"आलं की," आक्का म्हणाली. "दोनदा आलं. वरली पट्टी भिजली समदी."

वरची पट्टी तिच्या रानातली सर्वांत उंच जागा. कालवा भरून वाहिला तरी तिथे पाणी चढत नाही, हे सोयरीक पाहायला गेलो तेव्हाच तात्यांनी मला पाऊल टाकून दाखवले होते. त्यांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि म्हणाले, "मग झ्याक झालं. वरली भिजली म्हंजे खालचं काय बघायलाच नगं." त्यानंतर त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. आक्कानेही दोन खाल्ल्या. आई चुलीकडे तोंड करून बसली होती, ती वळलीच नाही.

बारामतीच्या स्टँडवर तिला सोडायला आम्ही दोघे गेलो. तात्या मुलाला घेऊन शेंगा आणायला गेले, तेव्हा मी तिला म्हणालो, "आक्का, तात्यांना कळलंय."

"मला बी कळलंय, त्येंना कळलंय ते."

"मग खोटं का बोललीस?"

"तू गप," ती म्हणाली. "माझ्यापायी त्येनी समदं घर उसवलं. आता मी निगाले. जाताना त्येंच्या हातात काय दिऊ, तूच सांग की." मी वादात कोणाला हार जात नाही, हे माझे शत्रूही कबूल करतील. त्या दिवशी मी तिचे बोचके उचलून खांद्यावर घेतले.

गाडी लागली. तेवढ्यात नाना मोटारसायकलवर आले. आक्का जाणार हे त्यांना काकीकडून कळले असावे. त्यांनी मुलाच्या हातात चिवड्याचा पुडा दिला, आक्काच्या डोक्यावर हात ठेवला. "जपून ऱ्हा," एवढेच बोलले. गाडी हलली, वळली आणि पुण्याच्या रस्त्याला लागली. दोघे भाऊ एकमेकांशेजारी उभे राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होते.

"दादा, बस मागं," नाना म्हणाले. वाटणीनंतरचे ते पहिले शब्द. "घरला सोडतो."

"चालत जातो मी," तात्या म्हणाले. आवाजात राग नव्हता.

तात्या निघाले. नानांनी गाडी चालू केली नाही. ती हाताने ढकलत ते तात्यांच्या बरोबरीने चालू लागले, आणि दोघांच्या मागून सायकल हातात धरून मी. स्टँडपासून कन्हेरीपर्यंत ऊन होते, चढ होते. नानांचा सदरा पाठीला चिकटला होता. ओळखीचे लोक वाटेत विचारत, "नाना, प्येट्रोल संपलं काय?" आणि नाना गाडी ढकलत राहत. तात्यांनी एकदा, चढावर, मागून गाडीला हात लावला. सबंध वाटेत दोघांपैकी कोणी एक शब्द बोलले नाही. घर आल्यावर दोघे आपापल्या दाराने आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी आपल्या हाताने दोन्ही नळ्या उपटून टाकल्या, असे सुरेशने भाषणाच्या शेवटी सांगितले आणि त्यावर टाळ्या पडल्या. मी उठून उभा राहिलो तो तेव्हा. त्या सकाळी मी भरावावर गेलो होतो. नळ्या जागेवर होत्या. नाना खाली पाटात उभे राहून उसाला पाणी देत होते. त्यांनी मला पाहिले आणि मान फिरवली. पाणी चालू होते.